दरवाजे आपोआप उघडतात, बातमी नाही

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडायला माणूस लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? पाणी ठरावीक पातळीला पोचलं की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने एकेक करून उघडत जातात. एका दरवाज्यातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी. सातही उघडले तर जवळजवळ दहा हजार घनफूट! तिथं ना बटण दाबावं लागतं, ना कुठल्या साहेबांची सही लागते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे धरण बांधायला घेतलं, त्याचं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि ते खरंच कौतुकास्पद आहे.

पण पाणी सुटलं ही बातमी मात्र आपोआप जात नाही. ती कुणीतरी कुणाला तरी सांगावी लागते. माझा हा लेख त्या सांगण्याबद्दल आहे.

माझं आजोळ राधानगरी तालुक्यात, धरणाच्या खालच्या अंगाला, भोगावतीच्या काठावर. मामांचा थोडा ऊस आहे आणि नदीवर मोटर आहे. नदीकाठच्या गावात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात नदी चढायला लागली की काठावरच्या मोटारी खोलून वर ओढून आणायच्या, हे तिथलं ठरलेलं काम. उशीर झाला तर मोटर गेली. मोटर म्हणजे काही दहा-वीस रुपयांची वस्तू नव्हे.

२०१९ चा ऑगस्ट. त्या पुरात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, यावरून काय ते समजा. गावात दोन दिवस लाईट नव्हती. टॉवरची बॅटरी संपली तसे सगळ्यांचे मोबाईल मुके झाले. रात्री मामा आणि शेजारचे दोघं हातात बॅटऱ्या घेऊन नदीला उतरले. संध्याकाळी बघितलं तेव्हा पाणी अजून दोन हात खाली होतं, त्यामुळे वेळ आहे असा त्यांचा हिशोब. वर दरवाजे उघडलेत हे त्यांच्या कानावर आलेलंच नव्हतं. दोन बोल्ट निघाले आणि तिसऱ्याला पाना लावेपर्यंत पाणी गुडघ्यावरून कमरेला आलं. दोर होता म्हणून तिघंही वर आले. मामा आजही ही गोष्ट हसत हसत सांगतात, "मोटर गेली गं पोरी, पर मोटरवाला ऱ्हायला न्हवं!" मामी मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जाते.

यात कुणाची चूक होती हे मला शोधायचं नाही. त्या रात्री धरणावर माणसं जागी होती, पोलीस जागे होते, तहसीलमध्ये दिवे चालू होते. निरोप निघालाच असणार. तो नदीपर्यंत पोचला नाही, एवढंच मला माहीत आहे. आणि तो का पोचला नाही, याचं निम्मं उत्तर मला आमच्या कम्युनिकेशनच्या पुस्तकात दोन पानांत सापडलं. बाकीचं निम्मं उत्तर दिल्लीत, लायसन्सच्या कागदात आहे.

त्या दोन पानांचं नाव 'ट्रंकिंग'. आपल्याकडे हा भाग शॉर्ट नोट म्हणून येतो. मीही तो पाठ करून लिहिला होता आणि विसरलेही होते. जुन्या लोकांना विचारा, त्यांना 'ट्रंक कॉल' आठवेल. मुंबईला फोन लावायचा तर नंबर बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. गावात फोन शंभर, पण बाहेर जाणाऱ्या लाईन चार-पाच. त्या सगळ्यांनी मिळून वापरायच्या. ट्रंकिंग म्हणजे तेच, फक्त तारेऐवजी रेडिओच्या चॅनेलवर आणि वाट बघणं तासांऐवजी सेकंदांचं.

होस्टेलवाल्यांना हे पटकन समजेल असं उदाहरण देते. समजा, एका मजल्यावर पाच खोल्या आणि पाच बाथरूम आहेत. वॉर्डनने फर्मान काढलं की प्रत्येक खोलीला एकेक बाथरूम, आपापलं कुलूप लावा. ऐकायला किती छान! पण सकाळी साडेसातला काय होईल? तीन नंबरच्या खोलीतल्या तिघींचं लेक्चर आठला, त्या आपल्या बाथरूमसमोर रांगेत. चार नंबरच्या मुली गावाला गेलेल्या, त्यांचं बाथरूम कुलूपबंद आणि रिकामं. याउलट पाचही बाथरूम सगळ्यांना खुली ठेवली आणि जी रिकामी होईल तिच्यात पुढची गेली, तर तेवढ्याच बाथरूममध्ये सगळ्यांचं भागतं. आपण रोज हेच करतो. यासाठी कुणालाही इंजिनिअरिंगची डिग्री लागलेली नाही.

आता हेच आकड्यात मांडू. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली याचं सूत्र मांडलं. पाच खाती घ्या: पोलीस, महसूल, पाटबंधारे, वन आणि आरोग्य. प्रत्येकाला स्वतंत्र एक चॅनेल. प्रत्येकाची बोलण्याची गरज तासाला सरासरी १८ मिनिटं. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे बोलायला बटण दाबल्यावर चॅनेल आधीच गुंतलेलं असण्याची शक्यता येते २३ टक्के. म्हणजे चारातला जवळजवळ एक निरोप अडणार. तीच पाच चॅनेल एकत्र केली तर ही शक्यता येते १.४ टक्के! यात थोडी लबाडी आहे, कारण ट्रंकिंगमध्ये एक चॅनेल 'कंट्रोल'ला द्यावं लागतं. कुणाला कुठलं चॅनेल मोकळं आहे हे तेच सेटना सांगत असतं. ठीक आहे, पाचातलं एक सोडून द्या. उरलेल्या चारांवर तेवढंच बोलणं टाकलं तरी अडण्याची शक्यता ४.८ टक्केच राहते. म्हणजे एक चॅनेल खर्ची घालूनही शंभरातल्या २३ ऐवजी पाचच निरोप अडतात, आणि तेही तुटत नाहीत, रांगेत थांबतात. ज्यांना विश्वास बसत नसेल त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन बसावं, वहीच्या एका पानात होतं.

पण माझ्या मते यापेक्षा मोठा फायदा वेगळाच आहे. ट्रंकिंगमध्ये 'टॉकग्रुप' करता येतो. एरवी पोलीस पोलिसांशी बोलतील, वनरक्षक वनरक्षकांशी. एकमेकांचं एकमेकांना ऐकूही जाणार नाही. पण पुराच्या रात्री एक समाईक ग्रुप उघडायचा. त्यात धरणावरचा कर्मचारी, तहसीलदार, पोलीस ठाणं, नदीकाठच्या गावांचे पोलीस पाटील. धरणावरच्या माणसाने एकदा बटण दाबून "तिसरा दरवाजा उघडला" म्हटलं की सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जाईल. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करत बसायचं कारण नाही. शिवाय कुणाचा निरोप आधी, हे ठरवून ठेवता येतं. धोक्याचं बटण दाबलं की साधं बोलणं थांबवून त्याला वाट दिली जाते. टेट्रा नावाच्या पद्धतीत २५ किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात चार जण एकाच वेळी बोलू शकतात. डीएमआर पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन. ही काही चंद्रावरची गोष्ट नव्हे. टेट्राचं मानक १९९५ पासूनचं आहे. आपल्या देशात मेट्रो रेल्वे ते वापरते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत टेट्राचं जाळं उभं राहिलं. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स या तिन्ही सेवा एकाच टेट्रा जाळ्यावर बोलतात.

मग आपल्याकडे जिल्ह्यात, तालुक्यात हे का नाही? इथे लायसन्सची गोष्ट येते.

आपल्या देशात कुणालाही वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलता येत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा, या दोन कायद्यांनी हे अधिकार सरकारकडे ठेवले. त्यांच्या जागी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा करण्यात आला. फ्रिक्वेन्सी वाटायचं काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी नावाच्या शाखेचं. अँटेना कुठे आणि किती उंच, याला वेगळी परवानगी. नियम असायलाच हवेत. उद्या आपल्या होस्टेलमधल्या कुणी हौसेने जोरदार वॉकीटॉकी लावला आणि तो विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर गेला तर? तेव्हा लायसन्स नको असं मी मुळीच म्हणत नाही. माझी तक्रार लायसन्सच्या साच्याबद्दल आहे.

ट्रंकिंगची लायसन्सं मुख्यतः दोन प्रकारची. एक 'पब्लिक', म्हणजे कंपनीने जाळं उभारायचं आणि टॅक्सीवाले, बंदरं, कारखाने यांना पैसे घेऊन सेवा द्यायची. दुसरं 'कॅप्टिव्ह', म्हणजे स्वतःचं जाळं, स्वतःपुरतं. पहिल्या प्रकारची कंपनी मुंबई-पुण्यात येईल, कारण तिथे गिऱ्हाईक आहे. फोंडा घाटात गव्यांसाठी कोण टॉवर उभारणार? उरला दुसरा प्रकार. त्याची मुख्य अट ही की ते ज्याचं त्यानेच वापरायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. त्यामुळे होतं काय, की प्रत्येक खातं स्वतःपुरता अर्ज करतं, स्वतःपुरती फ्रिक्वेन्सी मागतं आणि स्वतःचं कुलूप लावून बसतं. पाच खोल्या, पाच बाथरूम! ज्या तंत्राचा सगळा फायदा एकत्र येण्यात आहे, त्याचं लायसन्स वेगळं राहण्याच्या अटीवर मिळतं. एखाद्या तालुक्यात तीन-चार खात्यांचे मिळून पन्नास-साठ सेट असले तर स्वतंत्रपणे कुणालाच ट्रंकिंग परवडणार नाही. एकत्र आले तर परवडेल. पण 'एकत्र' या नावाने भरायचा रकाना त्या फॉर्ममध्ये कुठे आहे?

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागतं, याचीच मला गंमत वाटते. राधानगरीचं पाणी काही प्रत्येक गावासाठी वेगळ्या हौदात भरून ठेवलेलं नाही. एकच तलाव, एकच नदी, तिच्यावर ठिकठिकाणी बंधारे. त्यांना अख्ख्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतात. पावसाळ्यात बरगे काढायचे, पावसाळा संपला की घालायचे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की उपसाबंदी लागते. या दिवशी यांनी मोटर चालवायची, त्या दिवशी त्यांनी. भांडणं होतात, रात्री चोरून मोटारी चालू होतात, सगळं होतं. तरीसुद्धा, प्रत्येकाला नदीचा एकेक तुकडा कापून द्या, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. आपले दूध संघ, साखर कारखाने, पाणीपुरवठा संस्था याच समजुतीवर उभ्या राहिल्या. एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं. ट्रंकिंग म्हणजे चॅनेलांचा सहकारच की!

आणि हवेतल्या लहरी कुणाच्या मालकीच्या, हा प्रश्नही केव्हाच सुटलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते, आपले मराठी न्यायाधीश. हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच व्हायला हवा, असा त्या निकालाचा आशय. पुढे टूजी प्रकरणात २ फेब्रुवारी २०१२ ला १२२ लायसन्सं रद्द झाली आणि लिलाव हा शब्द घराघरात पोचला. तेव्हापासून आपल्याकडे एक समज झाला आहे की स्पेक्ट्रम म्हटला की लिलाव, आणि लिलाव नाही म्हणजे घोटाळा. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने मत दिलं की नैसर्गिक साधनसंपत्ती वाटायचा लिलाव हा एकच मार्ग नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातही, लिलावाशिवाय स्पेक्ट्रम देता येईल अशा कामांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापन आहे. म्हणजे दार बंद नाही. आपण ते ढकलून बघत नाही, एवढंच.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. डिस्पॅच रेडिओचं लायसन्स खात्याला न देता जिल्ह्याला द्यावं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहेच. अर्ज त्याने करावा, चॅनेलांची मोळी त्याच्या नावे मिळावी, आणि खात्यांनी त्यात आपापले टॉकग्रुप घ्यावेत.

त्याला तीन अटी असाव्यात. पहिली, ते रोज वापरलं गेलं पाहिजे. फक्त पुरासाठी म्हणून कपाटात ठेवलेला सेट पुराच्या दिवशी चार्ज नसतो, हे सांगायला ज्योतिषी नको. वनरक्षकाची दाजीपूरची रोजची गस्त, ॲम्ब्युलन्सची फेरी, घाटात दरड पडल्याचा निरोप, हे सगळं त्यावरच चालावं. दुसरी, जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांनाही त्यात फी भरून जागा मिळावी. दूध संघाचे टँकर पहाटे वाडीवाडीवर जातात. त्या ड्रायव्हरइतकी रस्त्याची खबर कुणालाच नसते. त्यांना सगळ्यात खालचा प्राधान्यक्रम द्या, आपत्तीत त्यांचं चॅनेल काढून घ्या, पण एरवी त्यांच्या फीमधून जाळ्याचा खर्च निघू द्या. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लायसन्सची किंमत रुपयात कमी आणि रेंजमध्ये जास्त असावी. नदीकाठावर, घाटात आणि वाडीवर आवाज पोचतो का? लाईट गेल्यावर तीन दिवस जाळं चालतं का? हे दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, चालत जाऊन तपासावं आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

आता तुम्ही म्हणाल, अगं, मोबाईलच्या जमान्यात हे काय घेऊन बसलीस? प्रश्न बरोबर आहे. २०२३ साली आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर कर्कश आवाज करत सरकारची चाचणी सूचना आली होती, वर्गात अर्धे जण दचकले होते. ती सोय उत्तमच आहे. आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता येईल अशीही व्यवस्था दूरसंचार विभाग करतो. पण या दोन्हींना टॉवर जिवंत लागतो. आणि पुरात सगळे एकाच वेळी घरी फोन लावतात तेव्हा तहसीलदारांचा फोन आणि माझ्या मावशीचा "जेवलात का" हा फोन मोबाईलच्या जाळ्याला सहसा सारखेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत फोन लागत नव्हते, हे आपल्या आईवडिलांना अजून आठवतं. सूचना एका बाजूने जाते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला उलट काहीतरी सांगायचं असतं, त्याचं काय?

दुसरा आक्षेप, पोलीस आपलं बोलणं इतरांसोबत कसं ठेवतील? त्यांची काळजी रास्त आहे. पण जाळं एक म्हणजे बोलणं एक, असं नसतं. टॉकग्रुप वेगळे असतात आणि डिजिटल पद्धतीत बोलणं सांकेतिक करता येतं. बाथरूम समाईक असली तरी कडी आतून लावता येतेच ना?

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच पडला होता. सगळे एका जाळ्यावर आले आणि जाळंच कोसळलं तर? हा धोका खरा आहे, आणि ट्रंकिंग विकणारे तो सांगत नाहीत. म्हणून डोंगरावरच्या प्रत्येक रिपीटरला मुख्य कंट्रोलशी संबंध तुटला तरी आपल्यापुरतं चालता आलं पाहिजे, आणि रिपीटरही गेला तर दोन सेटना थेट एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. टेट्रात या दोन्ही सोयी आहेत. पण टेंडरमध्ये लिहिल्या तरच मिळतात आणि सराव केला तरच वापरता येतात.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. जून २०१८ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, पोलीस आणि आपत्ती सेवांसाठी देशभर वेगळं ब्रॉडबँड जाळं असावं आणि त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा राखून ठेवावा, अशी शिफारस केली. त्यावरून फोटो, नकाशे, व्हिडिओ जाऊ शकतील. स्वप्न चांगलं आहे. पण पुराच्या रात्री नदीवर उतरणाऱ्या माणसाला व्हिडिओ नको असतो. चार शब्द पुरे असतात: दरवाजा उघडला, वर या.

राखून ठेवणं का महत्त्वाचं, याचा एक धडा अमेरिकेत आहे. तिथे १९७४ मध्ये ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा ट्रंक डिस्पॅचसाठी खुला झाला. टॅक्सी, प्लंबर, ट्रकवाले त्यावर बोलायचे. मग एका कंपनीने अशी लहान लहान लायसन्सं गोळा केली आणि १९९१ मध्ये परवानगी मिळवून त्यावर मोबाईलसारखं जाळं बांधायला घेतलं. पुढे ती कंपनी नेक्स्टेल म्हणून नावारूपाला आली. धंदा जोरात चालला, पण शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्या पोलीस आणि अग्निशमन दलाच्या सेटमध्ये अडथळे येऊ लागले. शेवटी २००४ मध्ये नियामकाला सगळ्यांच्या जागा बदलायचा आदेश काढावा लागला आणि ते काम पुढे कितीतरी वर्षं रेंगाळलं. नेक्स्टेलचं ते जाळं २०१३ मध्ये बंदही झालं. लायसन्स देताना नीट विचार केला नाही की नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात, ते असे.

असो. वीस वर्षांच्या मुलीने दिल्लीच्या धोरणावर बोलावं का, असं काही सरांना वाटेल. पण आपण इथे करण्यासारखंही काही आहे. हॅम रेडिओची परीक्षा बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते. तिचं प्रमाणपत्र मिळालं की आपल्यालाही कायदेशीरपणे हवेत बोलता येतं. २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा देशभरातले हॅम तिथे धावून गेले होते. आपल्या कॉलेजात दोनशे मुलं-मुली इलेक्ट्रॉनिक्स शिकतात आणि लॅबमध्ये सिग्नल जनरेटर धूळ खात पडलेत. त्यातल्या वीस जणांनी जरी परीक्षा दिली तरी कॉलेजचं स्वतःचं स्टेशन उभं राहील. आणि पुढच्या मे महिन्यात दोन दिवसांची सहल गोव्याऐवजी राधानगरीला काढू. धरणापासून भोगावतीच्या काठाकाठाने चालत जायचं आणि कुठल्या वळणावर आवाज पोचतो, कुठे मरतो, याचा नकाशा करायचा. डोंगर, ऊस आणि वळणं यांच्यात रेडिओची लहर कशी वागते हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे जास्त समजेल. तो नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देऊ. अर्जाला जोडायला काहीतरी ठोस लागतं, ते आपण देऊ शकतो.

मामांनी त्या पुरानंतर कर्ज काढून नवी मोटर घेतली. गेल्या पावसाळ्यात मी फोनवर त्यांना विचारलं, आता पाणी सुटल्याचं कसं कळतं तुम्हाला? ते म्हणाले, "दरवाजं उघडलं की नदीचा आवाज बदलतो बघ. रातभर कान देऊन बसायचं."

शंभर वर्षांपूर्वी ज्या राजाने या दरीत पाण्याची सोय केली, त्याच्या दरीत आज एका शेतकऱ्याला रात्रभर नदीला कान लावून बसावं लागतं. आणि आपण मात्र ट्रंकिंगवर शॉर्ट नोट लिहून मार्क घेतो. मला तरी हे बरं वाटत नाही. तुम्हाला?